कुणाची हो बाळंतीण?

आमच्या घरी कुणीही बाळंत झालेलं नाही. होण्याच्या बेतातही कुणी नाही. बायकोनं पन्नाशी ओलांडली आहे. मुलगी बॉस्टनला शिकते आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते. घरातली तिसरी बाई म्हणजे मांजर, तिचं ऑपरेशन केव्हाच झालंय. हे मी गेला महिनाभर एकेकाला तोंडी सांगतोय. आता लेखी देतो.

मी फक्त काकडीचं लोणचं घालत होतो.

आपलं नव्हे, इकडचं, अमेरिकेतलं. डिल पिकल. अख्ख्या काकड्या, मिठाचं पाणी, शेपू, लसूण, चार दाणे मिरी-मोहरी, आणि तेलाचा थेंब नाही. न्यूयॉर्कच्या ज्यू डेलीत सँडविचबरोबर जी येते ती. चव आंबट-खारट, पण चवीचं सोडा, खरी गंमत आवाजात आहे. दात रुतला की ‘कट्’ झालं पाहिजे आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवून बघितलं पाहिजे. दुकानातल्या बरणीत काय असतं? बहुतेकदा गरम पाण्यात पाश्चराइज करून निघालेली, मान टाकलेली काकडी. 1948 साली कनेटिकटमध्ये खराब लोणची विकणाऱ्या दोघांना पकडलं होतं. तेव्हा तिथल्या अन्न-औषध आयुक्तांनी चांगल्या काकडीची खूण सांगितली होती: एक फुटावरून खाली टाका, उसळली पाहिजे. तिथे तसा कायदाच आहे असं लोक अजूनही ठासून सांगतात. कायद्याच्या पुस्तकात तो नाही, पण असायला हरकत नव्हती. आपल्याकडे मिळमिळीत लोणचं घालणाऱ्याला निदान सासू तरी बोलते.

तर, कृती मी घेतली जॉर्जिया विद्यापीठातल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशनची. सरकारी पैशावर चालणारं काम, त्यामुळे त्यात ‘आज्जीच्या हातची चव’ वगैरे भानगड नाही. 4 पौंड काकड्या, 8 कप पाणी, अर्धा कप मीठ, पाव कप व्हिनेगर, आणि 2 टेबलस्पून शेपूचं बी. म्हणजेच बाळंतशोपा. अमेरिकन सुपरमार्केटात शेपूच्या चार काड्या प्लास्टिकच्या डबीत घालून दागिन्यांच्या भावानं विकतात, म्हणून मी न्यू जर्सीत एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात गेलो. तिथे जुडी मिळते. तिथे शोपाही मिळते. तिथे, दुर्दैवानं, आपली माणसंही मिळतात.

रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. सत्तरीच्या, पंजाबी ड्रेसवर मुलाच्या कॉलेजचं नाव असलेलं जाड जॅकेट, पायांत पांढरेशुभ्र बूट. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या, हे न सांगता कळतं. मी फोनवर “हो, कोथिंबीर घेतली” म्हणालो आणि त्या वळल्या. माझ्या सामानाच्या ढकलगाडीत एकदा बिनचष्म्यानं पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं.

“कुणाची हो बाळंतीण?”

“अं?”

“बाळंतशोपा घेतलीत. शेपू घेतलाय, तोही चार जुड्या. लसूण घेतलाय. म्हणून म्हटलं, मुलगी की सून?”

“कुणी नाही हो काकू. लोणचं घालतोय.”

“बाळंतिणीला लोणचं?”

“बाळंतीणच नाहीये.”

“म्हणजे व्हायचीये. मग आत्तापासून शोपा कशाला आणून ठेवता? वास उडून जातो. नववा लागला की आणावी.”

मी अतिशय शांतपणे सांगितलं की हे काकडीचं लोणचं आहे, अमेरिकन पद्धतीचं, त्यात शोपा घालतात. त्यातला ‘काकडी’ एवढाच शब्द त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी माझ्या गाडीतली पिशवी उचलून वर धरली. बुटक्या, खरखरीत, अंगावर बारीक काटे असलेल्या किर्बी काकड्या, सकाळी शेतकऱ्यांच्या बाजारातून निवडून आणलेल्या.

“काकडी अजिबात द्यायची नाही. थंड! आईनं काकडी खाल्ली की बाळाचं नाक वाहायला लागतं. आमच्या धाकट्याच्या वेळी मी एक कोशिंबीर खाल्ली होती, एकच हं, तो अजून शिंकतो.”

धाकटा, नंतर कळलं, सेहेचाळीस वर्षांचा आहे.

“आणि तुम्ही का आलात? वहिनी कुठायत?”

“ती घरी आहे. लोणचं मी घालतो.”

इथे जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. काकूंनी एकदा शोपेकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि त्यांच्या मनात आकडेमोड सुरू झालेली मला अगदी समोर दिसली. मग माझ्या जवळ सरकून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “वय काय हो त्यांचं?”

“काकू, तसं काही नाहीये.”

“लाजायचं काय त्यात? हल्ली होतं इकडे. डॉक्टर लोक काय काय करतात. तब्येत जपा म्हणावं. ओझं उचलू देऊ नका.”

गल्ल्यावरच्या गुजराती मुलीला मराठी येत नसावं, पण बाळंतशोपेचं पाकीट स्कॅन करताना ती गोड हसली आणि म्हणाली, “कॉंग्रॅच्युलेशन्स, अंकल.” माझ्या मागच्या गृहस्थांनी, ओळख ना देख, माझ्या खांद्यावर थाप मारली.

जाता जाता काकूंनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे माझं आडनाव विचारलं, आणि “म्हणजे मंडळात दिवाळीला निवेदन करतात, त्या तुमच्या मिसेस!” असं म्हणून टाळी वाजवली. दुसरी म्हणजे सल्ला दिला: “काकडी कडक राहायला हवी असेल तर चुन्याच्या निवळीत ठेवा. कोहळ्याचा पेठा करतो तसं.”

माझा खरा राग या सल्ल्यावर आहे. कारण तो बरोबर आहे. काकडीच्या पेशी ज्या पेक्टिननं एकमेकींना धरून असतात त्याला कॅल्शियम मिळालं की ते घट्ट होतं, आणि अमेरिकेतही व्हिनेगरच्या लोणच्यासाठी काकड्या चुन्याच्या पाण्यात भिजवायची जुनी पद्धत आहे. मात्र नंतर तो चुना पुरता घालवावा लागतो. धुवायचं, ताज्या पाण्यात तासभर ठेवायचं, ओतायचं, आणि हे 3 वेळा. चुना राहिला तर आंबटपणा मारतो आणि बोट्युलिझमसारख्या जिवावरच्या विषबाधेला वाट मिळते. एवढं सगळं मी मिठाच्या लोणच्यात करणार नव्हतोच. पण ज्या बाईला माझ्या गाडीत लोणचं दिसलं नाही, तिला रसायनशास्त्र बरोबर माहीत असावं, हे मला सहन होत नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी न्यू जर्सीभर. मंडळाच्या ग्रुपवर गुलाबी आणि निळे फुगे आले. निम्म्या लोकांच्या मते आजोबा होणार होतो, निम्म्यांच्या मते बाप. दुसऱ्या गटाचे फुगे जास्त उत्साही होते. नाशिकच्या आत्यानं थेट मुलीलाच फोन करून “कोण आहे मुलगा, आपल्यातला आहे ना?” असं विचारलं. त्यानंतर मुलीनं मला केलेला फोन इथे देण्याजोगा नाही.

बायको मात्र हसत बसली, याचं मला जास्त लागलं. तिला फोन आले ते असे: “अगं, तुला बरं नाही का? मिस्टर भाजी आणताना दिसले.” या देशात तीस वर्षं काढलेली, मुलांना समानतेवर भाषणं देणारी माणसं ही. पुरुषानं शनिवारी बार्बेक्यूवर कणसं करपवली की त्याला टाळ्या, आणि हातात शेपूची जुडी दिसली की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार. बरं, विचारणाऱ्यांपैकी एकानंही “लोणचं कसं करतोस?” असं विचारलं नाही. एकानंही. म्हणून आता न विचारता सांगतो.

आयुष्यभर आपण काकडीचं देठ कापून घासत आलो, कडूपणा काढायला. इथे महत्त्वाचं ते दुसरं टोक, फुलाकडचं. तिथे, वाळक्या फुलाच्या खुणेपाशी, पेक्टिन विरघळवून काकडी मऊ करणारी एंझाइम्स असतात. पातळ चकती, 1 इंचाचा सोळावा भाग, एवढीच उडवायची. दोन्ही टोकं सारखी दिसतात म्हणून कंटाळून दोन्हीकडे सुरी चालवली तरी चालतं, पण मी भिंग घेऊन बसलो. नाहीतरी त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. फुलाकडचं टोक उडवलं की द्राक्षाचं पान घालायचीही गरज उरत नाही. लोक घालतात, पानातलं टॅनिन त्या एंझाइम्सना आवरतं. मीठ आयोडीनचं नको, आणि ढेकूळ होऊ नये म्हणून मिठात जी भुकटी मिसळतात तीही नको, पाणी गढूळ होतं. काकड्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. त्यासाठी वर मिठाच्याच पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची. फुटली तरी आतलं पाणी खारटच. आईच्या हातची दादरा बांधलेली बरणी आठवून गळा दाटून आला, असं लिहिण्याचा मोह होतो, पण आई काकडीचं लोणचं म्हटल्यावर “त्याला पाणी सुटतं” म्हणाली असती आणि विषय संपला असता.

मग खरी लढाई: तापमान. 70 ते 75 फॅरेनहाइट, तीन-चार आठवडे. 80 च्या वर गेलं की काकड्या मऊ. आमच्या घरी उन्हाळ्यात थर्मोस्टॅट 78 वर असतो, कारण विजेचं बिल बायको भरते. शेवटी बरणी तळघरात गेली, वॉशिंग मशीनशेजारी. रोज खाली जाऊन मी तवंग काढायचो. काही दिवसांनी पाणी ढगाळ झालं. घाबरायचं नसतं, लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं काम नीट चाललंय याची ती खूण. मी तासभर तिथेच स्टूल टाकून बसलो, वर फोन वाजत होते.

तेवढ्यात लाडू यायला लागले. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे. माणसं दाराशी डबे ठेवून जायची. परत करावे तर लोकांना वाटणार, काहीतरी विपरीत घडलं. शेवटी भर जुलैत, बाहेर रस्ता वितळत असताना, मी डिंकाचे लाडू खाल्ले. बाळंतिणीची शक्ती भरून यावी म्हणून घातलेलं ते तूप माझ्या कंबरेभोवती भरून आलंय. सगळ्यांत मोठा स्टीलचा डबा अर्थातच काकूंचा. त्यावर नेलपॉलिशनं आडनाव घातलेलं.

आता डबा रिकामा परत करायचा नसतो, ही आपली रीत. तोवर लोणचंही झालं होतं. पहिली काकडी मी उभ्यानं, तळघरातच खाल्ली. ‘कट्’! पायरीवर झोपलेलं मांजर उठून गेलं. आतून हिरवट-पिवळी, बियांशी जरा पारदर्शक, आणि शोपेचा वास थेट नाकात. एक टाकूनही पाहिली, एक फुटावरून. उसळली. निदान माझं असं मत आहे.

त्यातल्या उत्तम निवडून मी काकूंच्या डब्यात रचल्या, वर बरणीतलंच पाणी घातलं, शेपूचा एक तुरा ठेवला. बरोबर चिठ्ठी: फ्रिजमध्ये ठेवा, पाण्यात बुडालेल्या राहू द्या. खरं सांगायचं तर मला थोडा विजयही वाटत होता. चिठ्ठीत आणखी एक ओळ घातली, की अशा बुटक्या काकड्या आपल्याच देशातून जगभर जातात. 2020-21 मध्ये भारतातून 2 लाख 23 हजार टनांहून जास्त घर्किन निर्यात झालं, त्यातलं पुष्कळसं कर्नाटकातलं. म्हणजे हे परकं काही नाही, बेळगावच्या पलीकडचंच आहे. ही ओळ बायको काढून टाक म्हणाली होती.

काल काकूंचा फोटो आला. वाडग्यात बारीक चिरलेल्या काकड्या, वर बोटभर लाल तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता. खाली मजकूर:

“लोणचं मिळालं. पाणी फार होतं आणि गढूळ झालेलं, ते ओतून दिलं. काकड्या मुरल्या नव्हत्या, कच्च्याच लागत होत्या, म्हणून कुकरला एक शिट्टी काढली. आता छान मऊ झाल्यात. पहिलाच प्रयत्न असेल तुमचा, होतं असं.”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. बायको म्हणते, मोठं माणूस आहे, निदान हात जोडलेले तरी पाठव. वाचलं नाही असंही म्हणता येत नाही, दोन निळ्या खुणा केव्हाच उमटल्यात.