यादीत चार चेंडू पण लिहा

आज संध्याकाळी आमच्या आळीत पावसाळ्याच्या तयारीची बैठक होती. पूर आला तर हाताशी काय काय हवं, त्याची यादी चालली होती. तांदूळ, डाळ, ताडपत्री, बॅटऱ्या, दोर, ब्लीचिंग पावडर. मी म्हटलं, चार चेंडू आणि दोन उड्या मारायच्या दोऱ्या पण लिहा. सगळे हसले. एक जण म्हणाला, "वहिनी, लोकांच्या घरात चिखल नि तुम्हाला खेळ सुचतायत?" तिथे गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं तापलंय.

होय, सुचतायत! 22 जुलै 2021 मी चिपळुणात काढलाय. वाशिष्ठी नदीचं पाणी पहाटे दारात आलं आणि बघता बघता माळ्याच्या शिडीच्या सहा पायऱ्या बुडाल्या. माझा पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा. दिवसभर माळ्यावर माझ्या मांडीत. पाणी ओसरल्यावर आम्ही फावडी घेऊन गाळ उपसायला लागलो आणि त्याला वरच्या आळीत नातेवाइकांकडे बसवलं. इथून हलायचं नाही म्हणून दम दिला. करोनामुळे शाळा आधीच बंद, मोबाइल पाण्यात गेलेला. पोराने करायचं काय? तो दाराच्या फटीशी बसायचा. पाऊस वाढला की फटीत बोट घालून बघायचा, ओलं लागतंय का. जेवण नाही, झोप नाही, अंथरूण ओलं करायला लागला.

आणि मी त्याच्यावर ओरडले. "आम्ही इथे मरतोय नि तुझं काय मध्येच?" माझंच वाक्य. अजून टोचतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी शेजारच्या मुलीने पडलेल्या पडवीच्या कौलांचे तुकडे दगडावर घासून सात चकत्या केल्या, मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू केला नि अंगणात लगोरी मांडली. पोरगा धावला, पडला, भांडला. घामाने निथळत आत आला आणि माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. "काकू, बघ किती धडधडतंय!" हसत होता. आठवडाभर तीच छाती भीतीने धडधडत होती हो. धावून आलेली धडधड आपोआप बसते, हे त्याच्या अंगाला त्या दिवशी कळलं असं मला वाटतं.

मान्य, पुराच्या चिखलात पोरं सोडायची नाहीत. काचा असतात, घाण पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. मग उंचावरचं अंगण बघा, देवळाचा सभामंडप बघा. ज्याचं घरचं माणूस गेलं त्याला लगोरी पुरणार नाही, हेही मान्य. त्याच पावसात महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून माणसं गेली, ती आठवली की मीही गप्प होते. अशा पोराला डॉक्टर हवा, निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन तरी लावा.

पण बाकीच्यांचं काय? 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनतीचं खेळावं, धावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तेही साध्या दिवसांत. पुरानंतर आपण त्यांना कोपऱ्यात बसवतो आणि वर कौतुक करतो, किती शहाणं पोर, अजिबात त्रास देत नाही. अरे, त्रास देत नाही म्हणूनच जरा बघा ना त्याच्याकडे!

यादी उद्या पक्की होणार आहे. मी परत जाणार.

त्या लगोरीच्या रात्री पुन्हा पाऊस कोसळला. तो दचकून उठून बसला. मला वाटलं, चालला आता दाराकडे. "काकू, लगोऱ्या बाहेरच राहिल्या गं," एवढं म्हणाला आणि कुशीवर वळून झोपला.