पर्यावरणप्रेमी मुंबईकराने प्रवास कसा करावा

प्रवासात पर्यावरण वाचवायचं पक्कं झालं असेल, तर आधी खरेदीला लागा. घरात आहे त्यात भागवणं हे काही पर्यावरणप्रेम नव्हे. त्याला चिक्कूपणा म्हणतात, आणि तो आपल्या आज्यांनी भरपूर करून ठेवलाय. सौर पॉवर बँक मागवा. तिच्यावरचं पॅनेल तळहाताएवढं असतं. त्यावर ती भरायची तर कडक उन्हात दिवसच्या दिवस ठेवावी लागते, आणि तुम्ही तर बीकेसीत काचेआड एसीत बसता. म्हणून रात्री ती भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. फक्त सॅकला अडकवताना पॅनेल लोकांना दिसेल असं बघा. जुनी पॉवर बँक अजून चालते? चालू दे. ती ड्रॉवरमध्ये टाका, तिथे आधीच्या फोनांचे चार्जर आणि कशातच न बसणाऱ्या केबली तिला सोबत करतील. ई-कचऱ्यात मात्र देऊ नका. लागतं कधीतरी.

तिकिटाचा विषय जरा सविस्तर घेऊ, कारण इथे आपण कोणाला हार जात नाही. लोकलचं तिकीट आता मोबाइलवर निघतं. कागद नाही, रांग नाही, घरातून निघताना चपला घालता घालता काढून होतं. म्हणूनच तेव्हा काढू नका. स्टेशनात शिरा, पुलावर टीसी दिसला की मग फोन काढा. रुळांजवळ उभं राहिलं की जीपीएस ते तिकीट काढूच देत नाही. हा बंदोबस्त कोणासाठी केलाय, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मग उलटे फिरा, खिडकीवर जाऊन कागदी तिकीट घ्या आणि ‘म्हणे डिजिटल!’ असं मागच्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटा.

लांबच्या गाडीचं ई-तिकीट असेल तर प्रिंट हवीच. फोनवरचा मेसेज आणि ओळखपत्र दाखवलं तरी चालतं, असं रेल्वे म्हणते. रेल्वे काहीही म्हणेल. ऐन वेळी फोन बंद पडला तर? (त्यासाठीच पॉवर बँक घेतली होती ना, असं विचारणाऱ्या पोराला गप्प बसवा.) प्रिंट रंगीत काढा, जाहिरातीसकट. सूचनांचं शेपूट दुसऱ्या पानावर जातं, तेही येऊ दे. एक प्रत पाकिटात, एक बॅगेत, एक आईच्या पर्समध्ये आणि एक स्टेशनवर सोडायला येणाऱ्या काकांकडे, त्यांना डबा शोधायला. पुढे टीसी येतो, हातातल्या यंत्रावर नाव बघतो आणि तुम्ही पुढे केलेल्या कागदाकडे ढुंकूनही न पाहता जातो. हा अपमान गिळा. प्रती घरी आणून फायलीला लावा.

आता मुख्य मुद्दा, गाडी. इलेक्ट्रिकच घ्या. तिची नंबरप्लेट हिरवी असते, त्यामुळे तुमचं पर्यावरणप्रेम सिग्नलला मागच्यालाही वाचता येतं. गाडी वाईट नसते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नळकांड्यातून धूर नाही, आवाज नाही, ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत. अडचण तिची नाही, सोसायटीची आहे. चार्जिंग पॉइंटसाठी अर्ज द्या. तो सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात, चहा-वेफर्स आल्यावर निघेल. मीटर कोणाचा, वायर कोणाच्या खिडकीसमोरून जाणार, पावसात शॉक बसला तर जबाबदार कोण, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी जिन्याच्या बिलातून तुमच्या गाडीला का जेवू घालायचं? सेक्रेटरी म्हणतील, ‘फायर ऑडिटनंतर बघू.’ फायर ऑडिट कधी, हे विचारलंत तर पुढच्या वर्षी कमिटीवर तुम्हीच याल. तेव्हा गप्प राहा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडा. मिक्सर आणि गाडी एकाच वेळी लावायची नाही, एवढं घरच्यांना बजावून ठेवा.

त्या सॉकेटमध्ये वीज येते कुठून, या खोलात शिरू नका. तिच्यात अजूनही बराच कोळसा आहे आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची धुराडी चेंबूर-माहुलकडे आहेत. तुमच्या बाल्कनीतून ती दिसत नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला. मग रोज सकाळी पाच जणांच्या गाडीत एकट्याने बसा आणि निघा. शेजारचे कुलकर्णीही त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, त्यांच्या हिरव्या पाटीच्या गाडीत एकटेच निघतात. दोघांनी मिळून एक गाडी नेली तर दुसरीचं पर्यावरणप्रेम वाया जाईल.

इथे कोणीतरी चोमडा निघेलच. म्हणेल, विजेवरची गाडी मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ पासून आहे, व्हीटी ते कुर्ला धावली होती, आणि तिच्यात एका वेळी हजारो माणसं मावतात. ब्रेक मारला की वीज परत तारेत सोडायची करामतही २००७ पासून आलेल्या लोकल गाड्यांत आहे. त्याला एकच विचारा, तिला हिरवी नंबरप्लेट आहे का? शिवाय तिथे बसायला मिळत नाही. हे मात्र खरंच आहे, थट्टा बाजूला. हिरव्या पाटीच्या मोटारीला अटल सेतूवर टोल माफ. डोंबिवली फास्टच्या दारात एका पायावर उभं राहून शहराचा धूर वाचवणाऱ्याला कोणी ‘जरा आत सरका’ याखेरीज काही म्हणत नाही. तसं ट्रामचंही झालं. १९०७ साली ती विजेवर आली, १९६४ मध्ये बंद झाली, आणि तिचे रूळ होते त्या रस्त्यांवर आता आपण सिग्नल सुटायची वाट बघत बसतो. आपापल्या एसीत.

नकाशाच्या ॲपमध्ये कमी इंधनाचा रस्ता हिरव्या पानाच्या खुणेने दिसतो. पान बघून बरं वाटलं पाहिजे. जायचं दुसऱ्या रस्त्याने, तो दोन मिनिटं लवकर पोचतो.

सुट्टीत निसर्गाकडे जाणं ओघाने आलंच. माथेरानला जा. वर मोटारींना बंदी आहे, हवा स्वच्छ आहे, म्हणून तर सगळे तिथे मोटारीने जातात. कर्जत लोकल नेरळला थांबते आणि नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासून आहे, हे मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका, हट्ट धरतील. मोटारी जिथे सोडाव्या लागतात त्या दस्तुरी नाक्याच्या कितीतरी अलीकडे गाड्यांची रांग लागलेली असेल. एसी अठरावर ठेवून बसून राहा. शेजारी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या डिझेलवाल्याकडे काचेतून तुच्छतेने बघा, जमल्यास त्याचा व्हिडिओ काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाका, खाली लिहा, ‘लोकांना कधी कळणार?’ चढ आणि एसी मिळून बॅटरी एव्हाना लाल झालेली असेल. घाबरू नका. डिकीत एक्स्टेन्शन बोर्ड आहेच. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर उतरा, चार कटिंग सांगा आणि मालकाला हळूच विचारा, ‘दादा, तुमचा मिक्सर आत्ता चालू नाही ना?’