सूर्योदयाचं तिकीट वेगळं

ह्यूस्टनहून ग्वातेमालापर्यंत आमच्या विमानाने किती धूर सोडला, हे मी बायकोला विचारलं नाही. संसार करायचा आहे. तिकाल म्हणजे माया लोकांचं जंगलातलं प्राचीन शहर. तिथलं इको-लॉज तिनेच शोधलेलं. रात्री जनरेटर बंद, म्हणजे पंखाही बंद. डासांसाठी गवती चहाच्या वासाचं ‘नैसर्गिक’ तेल. डासांना ती फोडणी वाटली असावी. जरा डोळा लागतोय तोच डोक्यावरच्या झाडातून गर्जना! मी ताडकन उठून बसलो. जॅग्वारच!

“हाउलर माकड आहे हो, झोपा,” ही कूससुद्धा न बदलता म्हणाली.

जेमतेम दहा किलोचा जीव, पण घशातलं हाड पोकळ. त्यामुळे आवाज कोसांवर जातो.

‘झोपा’ म्हणणाऱ्या बाईनेच मग पहाटे तीनला उठवलं. तिकालला प्रवेशाचं तिकीट असतं आणि सूर्योदयाचं वेगळं. वर गाइड सक्तीचा. चौथं मंदिर इ.स. ७४१च्या सुमाराचं, उंची साधारण ६५ मीटर. दगडी पायऱ्यांची झीज होऊ नये म्हणून बाजूने लाकडी जिना केलाय. गुडघ्यांच्या झिजेची दखल युनेस्को घेत नाही.

वर अंधारात मंडळी पूर्वेकडे तोंड करून मौन धरून बसलेली. जंगलातून वर आलेली बाकीच्या मंदिरांची टोकं दिसणार होती. दिसलं धुकं. सूर्य कधी उगवला कळलंच नाही; काळं धुकं पांढरं झालं, एवढंच. भूक मात्र वेळेवर उगवली. प्लास्टिक नको म्हणून हिने चकल्या स्टीलच्या डब्यात आणलेल्या. झाकण ‘टण्ण’ करून उघडलं. पहिली चकली दाताखाली मोडली आणि सगळ्या माना वळल्या. उरलेला तुकडा मी तोंडात भिजवून, पार लापशी करून गिळला.

खाली उतरलो तर शेपटी उभारलेला, लांब नाकाचा एक कोआटी (रॅकूनचा भाऊबंद) आला आणि हातातली चकली घेऊन चालता झाला. वन्यप्राण्यांना खायला घालू नये, असं गाइडने मलाच सुनावलं. मी कुठे घातलं?

“पुढच्या वेळी एल मिरादोर,” ही म्हणाली. तेही माया लोकांचंच जुनं शहर; कार्मेलिता गावाहून जंगलातून पाच-सहा दिवसांची पायपीट. गाइड, स्वयंपाकीण, खेचरवाले सगळे गावचेच. जंगल राखायचा करार गावाकडे आहे, आणि अशा जंगलांत वणवे कमी लागतात. हे सगळं खरं असल्यामुळे वादही घालता येत नाही. मी एवढंच विचारलं, की खेचर फक्त सामान नेतं, की सामानाचा मालकही चालेल?