धबधबा आधी छापून आला

पावसाळा सुरू झाला की मायदेशातील वर्तमानपत्रांत एक तक्रार हटकून वाचायला मिळते: रील्समुळे धबधब्यांवर झुंबड उडते आणि निसर्गाची वाट लागते, छापील शब्दाच्या काळात असे कधी होत नव्हते. हे शेवटचे विधान मला सहन होत नाही, कारण मी राहतो त्या कॅलिफोर्नियात निसर्गाचा बाजार छापखान्यानेच मांडला.

१८५५ मध्ये जेम्स हचिंग्ज हे थॉमस एअर्स या चित्रकाराला घेऊन योसेमिटीच्या दरीत उतरले. त्यांचे वर्णन ‘मारिपोसा गॅझेट’मध्ये छापून आले, एअर्स यांनी रेखाटलेल्या धबधब्याची शिळाछापाची चित्रे निघाली आणि पुढच्याच वर्षी हचिंग्ज यांनी स्वतःचे मासिक काढले. १८६४ मध्ये त्यांनी त्याच दरीतले हॉटेल विकत घेतले. ज्याने वर्णन लिहायचे त्यानेच खोल्या भाड्याने द्यायच्या; आजच्या रीलवाल्यांवर याहून वेगळा आरोप तो काय?

मात्र त्याच छापील जगात हॉरेस ग्रीलीही होते. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे हे संपादक १८५९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पोहोचले, तेव्हा धबधबा पार रोडावला होता. दरीची त्यांनी तोंड भरून स्तुती केली, पण धबधब्याची कीर्ती ही थाप आहे, असेही स्पष्ट लिहिले. इतका खरेपणा आपल्या पर्यटन पुरवण्यांत मला क्वचितच आढळतो.

शिवाय पहिल्या वर्णनानंतर नऊ वर्षांत, ३० जून १८६४ रोजी, लिंकन यांच्या सहीने दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवली गेली. हचिंग्ज दरीतल्या जमिनीवरच्या आपल्या दाव्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. आपल्याकडे दुर्घटना घडली की जिल्हाधिकारी धबधब्यावर जायला बंदीचा आदेश काढतात, आणि पाऊस ओसरला की चर्चाही ओसरते.

हचिंग्ज यांच्या वर्णनाच्या चार वर्षेच आधी, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने तिथल्या मूळ रहिवासी अहवानीची लोकांना त्या दरीतून हुसकावले होते. ती दरी वाचकांसमोर आली ती निसर्गाचे नवल म्हणून, कोणाचे तरी घर म्हणून नव्हे. हे ठाऊक असूनही, बेअर बॉक्सची, म्हणजे अस्वलांपासून अन्न जपण्याच्या पेटीची, कडी लावून शटलच्या रांगेत उभा राहिलो की ती दरी मला माझी वाटते, आणि हे माझेपण त्याच वर्णनांनी दिलेले आहे, हे मी नाकारत नाही. सह्याद्रीचे तसे नव्हते. तिथल्या वाटा मला कोणी वाचून दाखवल्या नव्हत्या. आता मात्र तिथला पाऊस मी इथे रात्री जागून अनोळखी मुलांच्या रील्समधूनच पाहतो. रील्सवर सरसकट बंदी मागणाऱ्यांना येत्या रविवारी घाट गाठता येतो. मला येत नाही.