गॅस चेंबर दिसेपर्यंत तुलना करायची नाही?

न्यू जर्सीच्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, मावशीने लगेच अंगठा उमटवला. तुमच्याकडेही आला असेल: 'फॅसिझम हा युरोपचा रोग, अमेरिकेत तो रुजूच शकत नाही. तिथे गॅस चेंबर आहेत का? हिटलर तर समाजवादी होता. ट्रम्पशी तुलना म्हणजे कांगावा. कागदपत्रं नीट असलेल्या भारतीयांना कसली भीती?'

समाजवादाचं आधी उरकतो. हिटलरच्या नाझी पक्षाच्या नावात तो शब्द होता. पण २ मे १९३३ रोजी याच पक्षाने कामगार संघटना मोडल्या आणि जूनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी आली. पुढे.

गॅस चेंबरचा मुद्दा मात्र संताप आणणारा आहे. डाखाऊची छळछावणी उघडली मार्च १९३३ मध्ये. चेल्मनो हे पहिलं संहारकेंद्र सुरू झालं डिसेंबर १९४१ मध्ये. मधल्या पावणेनऊ वर्षांत कायदे बदलले, न्यायाधीश निमूट झाले, शेजाऱ्यांना सवय झाली. तुलना करणारे बोट दाखवतात ते या वर्षांकडे. सगळं उरकल्यावर तुलना करून उपयोग काय, डोंबल?

हिटलरचं नाव लोकांनी स्वस्त केलं, हे मान्य करावं लागेल. निक्सन, बुश, सगळ्यांना ते चिकटवून झालंय. म्हणूनच रॉबर्ट पॅक्स्टन महत्त्वाचे. फॅसिझमचा हा जाणता इतिहासकार ट्रम्पना ते लेबल लावायला अनेक वर्षं तयार नव्हता. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत घुसला, तेव्हा त्यांनी मत बदललं आणि तसं जाहीरपणे लिहिलं.

आणि म्हणे युरोपचा रोग! ५ जून १९३४ ला नाझी कायदेपंडित बर्लिनमध्ये वंशकायद्याचा विचार करायला बसले, तेव्हा त्यांच्यापुढे अमेरिकी राज्यांचे आंतरवंशीय विवाहबंदीचे कायदे होते. येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जेम्स व्हिटमन यांनी त्या बैठकीचं इतिवृत्तच तपासलंय. काळ्या पूर्वजाच्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळा, हा अमेरिकी नियम काही नाझींनाही जास्तच कडक वाटला होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे वीस हजार लोक नाझी समर्थक सभेला जमले. मंचावर स्वस्तिकं होती आणि मधोमध जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र.

राहिली कागदपत्रं. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, कोर्टाने त्यांना नागरिकत्वही दिलं होतं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत असं ठरवलं आणि नागरिकत्व गेलं. मग सरकार इतर भारतीयांच्या मागे लागलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही खटला भरला. ते स्वतः कायदा जाणणारे होते, लढले आणि जिंकले. बाकीच्या कित्येकांचं नागरिकत्व गेलं.