पिल्लू चोर नसतं : ‘जबडा उघडून वस्तू काढा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर पिल्लू पाळणाऱ्यांसाठी एक निरोप फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा : “पिल्लू मोजे, पायताण, रिमोट पळवतं म्हणजे ते घराचं मालक व्हायला बघतं. मागे धावून पकडा, जबडा उघडून वस्तू काढा, तीच नाकाला घासून दटावा. वस्तूंना संकेश्वरी तिखट चोळा. चघळायला एक जुनं पायताण देऊन टाका. खाऊ देऊन वस्तू परत घेऊ नका, चोरी वाढते. काही गिळलं तर मिठाचं पाणी पाजा. आठ दिवसांत खोड मोडते.” हा सल्ला चांगल्या मनाने पुढे ढकलला जातो. पण त्यातल्या एका गोष्टीने गोड पिल्लू चावरं होतं आणि एकीने त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक वाक्य तपासू.

“मालक व्हायला बघतं.” ही समजूत लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं आणि ‘म्होरक्या’ची कल्पना तिथून पसरली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये दाखवलं, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. तिथे सिंहासनासाठी मारामारी चालत नाही. पिल्लाचं कारण तर त्याहून साधं आहे. त्याला हात नाहीत, तोंड आहे. नवी वस्तू ते तोंडानेच ओळखतं. साधारण साडेतीन महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत त्याचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येतात, हिरड्या ठणकतात. मोज्याला घरातल्या माणसाचा वास सगळ्यात जास्त, म्हणून पहिला मोजा जातो.

“मागे धावून पकडा.” खोड लागते ती इथेच. मोजा उचललेलं पिल्लू नीट बघा. ते लगेच पळत नाही. दाराशी थांबतं, मान वळवून तुमच्याकडे बघतं, पुढचे पाय वाकवतं, शेपूट वर. तुम्ही एक पाऊल टाकलं की पलंगाला वळसा घालून सुटतं. मोज्यात त्याला रस नाही, त्याला शर्यत हवी आहे, आणि तुम्ही ती दिलीत. दिवसभर कुणी लक्ष दिलं नव्हतं, मोजा उचलताच आज्जीपासून नातवंडांपर्यंत अख्खं घर खेळायला आलं! बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ नजरेने सावज टिपून मागे धावणारा कुत्रा, त्यामुळे त्याच्या पिल्लाला धावणं हेच बक्षीस. लॅब्राडोर वस्तू तोंडात धरून आणण्यासाठीच पैदा केलेली जात. “गावठी पिल्लू चोरटंच” असंही ऐकू येतं, पण शर्यत आवडणं कुठल्याही एका जातीपुरतं नाही.

म्हणून मागे धावू नका, जागेवर बसून राहा. ते जमत नसेल तर निदान उलटं पळा. पुठ्ठा, कागद अशी फारशी घातक नसलेली वस्तू असेल तर पाठ फिरवून दुसऱ्या खोलीत जा, बहुतेक पिल्लं मागे येतात. मात्र एक लक्षात ठेवा : पाठलाग बंद केल्यावर पहिले चार-सहा दिवस पळवापळवी वाढते. नेहमी मिळणारा खेळ का थांबला, म्हणून ते जास्त जोर लावतं. नेमकं तेव्हाच घरातला एकजण कंटाळून धावतो आणि पिल्लू शिकतं की चिकाटी धरली तर शर्यत मिळते. पाचातून एकदा धावणं हे रोज धावण्यापेक्षा वाईट.

“जबडा उघडून वस्तू काढा.” हे सगळ्यात घातक. दोन-तीनदा असं झालं की माणसाचा हात जवळ येणं म्हणजे लुबाडणूक, हे पिल्लाच्या डोक्यात पक्कं बसतं. मग ते तीन गोष्टी शिकतं : पलंगाखाली लपणं, वस्तू पटकन गिळणं आणि गुरगुरणं. गिळणं शिकलेलं पिल्लू एरवी नुसतं चघळून टाकलं असतं ते बटणही पोटात घेतं. धोक्याच्या खुणा ओळखा. वस्तूवर मान झुकवून एकदम ताठ थांबणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, चघळण्याचा वेग वाढणं. अशा वेळी हात मागे घ्या. गुरगुरण्याबद्दल मारू नका. ती सूचना आहे, ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनेविना दात लागतो. आणि दात लागलाच तर पिल्लू घरचं असलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुऊन दवाखान्यात जायचं.

“नाकाला घासून दटावा.” मोजा फाडून झाल्यावर दहा मिनिटांनी मिळालेली शिक्षा पिल्लू फाडण्याशी जोडत नाही, तुमच्याशी जोडतं. “बघा, चूक कळली, मान खाली घातली” असं वाटतं खरं. पण कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या प्रयोगात दिसलं, की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने खरंच काही केलंय का यावर नव्हे, तर माणूस रागावला का यावर ठरत होता.

“तिखट चोळा.” तिखटातला झोंबणारा अंश तेलकट असतो, नुसत्या पाण्याने जात नाही. पिल्लू पंजाने तोंड पुसतं, तोच पंजा डोळ्यांवर फिरवतं. त्याच मोज्याला घरातल्या लेकरांचा हात लागतो. आणि शिकवण काय मिळते? हा मोजा नको, शेजारचा घे.

“जुनं पायताण द्या.” अथणीचं कातडी पायताण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचं. पिल्लाच्या नाकाला जुन्या-नव्यात फरक कुठला? एक दिलंत म्हणजे सगळी दिलीत. त्याऐवजी फ्रीजमधलं जाड गाजर, भिजवून पिळून गोठवलेला सुती फडका (समोर बसून द्यायचा, धागे सुटले की काढून घ्यायचा), किंवा आत खाणं भरता येणारं कडक रबरी खेळणं द्या. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या कपच्या होऊन आतड्याला टोचतात.

आता मूळ मुद्दा. “खाऊ देऊन वस्तू परत घेऊ नका.” पिल्लाला पळवायला आपणच शिकवतो, कारण आपण पळवण्याची किंमत मोजतो, सोडण्याची मोजत नाही. ते उलटं करायचं. त्यासाठी शब्द एकच ठरवा. सीमाभागातल्या घरात बाप “सोड” म्हणतो, शेजारची अक्का “बिडु” म्हणते, पोरं “लीव्ह इट” ओरडतात, आणि पिल्लाला तिन्ही नुसता गलका वाटतो. ‘सोड’ ठरलं तर सगळ्यांनी ‘सोड’, तेही एकदाच. “सोड, सोड, अरे सोड म्हटलं ना” या ओळीत पहिला शब्द फुकट जातो.

बिनमिठाची उकडलेली कोंबडी, पनीर किंवा उकडलेलं अंडं यांचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. एका वेळेला 30-40 पुरतात, तेवढं जेवण कमी करा. कांदा-लसणाचा रस्सा लागलेलं मांस नको, दोन्ही कुत्र्याला विषारी. पहिले दोन दिवस पिल्लाच्या तोंडात काहीच नसताना “सोड” म्हणा आणि क्षणभर थांबून तीन-चार तुकडे जमिनीवर टाका. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी तीन ते पाच मिनिटं. शब्द कानावर पडताच पिल्लू जमिनीकडे बघू लागलं की पुढची पायरी. त्याला फारसा न आवडणारा गाठी मारलेला दोरीचा तुकडा चघळायला द्या. “सोड” म्हणा, तुकडे त्याच्या तोंडापासून हातभर लांब टाका. ते खात असताना दुसऱ्या हाताने दोरी उचला आणि खाऊन होताच परत द्या. हे परत देणं सगळ्यात महत्त्वाचं. सरावात दहापैकी नऊदा वस्तू परत मिळाली तर सोडण्यात तोटा नाही, हे त्याला पटतं. मग जास्त आवडीचं खेळणं, मग फडका, शेवटी मोजा. मोजा परत द्यायचा नाही, त्याच्या बदल्यात गाजर. शब्द आणि खाऊ यांतला वेळ एक सेकंद, दोन, पाच असा वाढवत न्या, म्हणजे पुढे खाऊ स्वयंपाकघरातल्या डब्यातून आणला तरी चालतो.

बिघडतं कुठे? आधी खाऊ दाखवला, मग शब्द म्हटला, तर पिल्लू हातात खाऊ दिसल्याशिवाय सोडत नाही. लाच म्हणतात ती हीच. शब्द आधी, खाऊ नंतर. दुसरी चूक, ते खाण्याकडे वळायच्या आत वस्तूकडे हात नेणं. तिसरी, मोज्यासाठी सुक्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा देणं. सौदा पिल्लाला परवडायला हवा.

काही हुशार पिल्लं खाऊसाठी वस्तू आणून देऊ लागतात, हे मात्र खरं आहे. तरी पलंगाखाली लपण्यापेक्षा ते बरं. उपायही सोपा : स्वतःचं खेळणं आणलं तरी खाऊ, काही न उचलता शांत पडून राहिलं तरी खाऊ, आणि पळवण्यासारख्या वस्तू नजरेआड. खानापूरकडच्या पावसात पायताणं आत येतात, मोजे सोप्यात दोरीवर वाळतात. पायताणाला दाराचं कपाट, मळक्या कपड्यांना झाकणाची बादली हवीच. कुणी नजर ठेवून असेल तेव्हा पिल्लाच्या छातीपट्ट्याला, गळपट्ट्याला नव्हे, पाच-सहा फुटांची हलकी दोरी लावा. टोकाला फास नको. पळालं तर दोरीवर सावकाश पाय ठेवायचा. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसातले 18 ते 20 तास झोपतं. दिवेलागणीला सैरावैरा पळवापळव सुरू झाली तर बऱ्याचदा ते थकलेलं असतं, त्याला शांत कोपऱ्यात निजवा.

“आठ दिवसांत मोडते.” आठ दिवसांत शब्दाची नुसती ओळख होते. भर गडबडीत ऐकायला तीन ते सहा आठवडे धरा, आणि वर्षाचं होईपर्यंत वस्तू आवरून ठेवा.

“मिठाचं पाणी पाजा.” कदापि नको. रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, जीवही जातो. त्यात चुना किंवा रिमोटचा बटणसेल गिळला असेल तर ओकारीत घसा दुसऱ्यांदा भाजतो. निपाणी भागात तंबाखू घरोघरी. ती खाल्लेलं पिल्लू तासाभरात लाळ गाळतं, ओकतं, थरथरतं. अथणीकडचे बेदाणे थोडे खाल्ले तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि लक्षणं दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. मक्याचं बुरकुंड, आंब्याची कोय, मोजा आतड्यात अडकतात : वारंवार ओकणं, अन्न नको होणं, पोटाला हात लावू न देणं. यातलं काहीही झालं तर थेट पशुवैद्यांकडे. जाताना उरलेला तुकडा, पुडी किंवा गोळ्यांची पट्टी सोबत घ्या. काय, किती आणि किती वाजता खाल्लं, पिल्लाचं वजन किती, हे आधी सांगा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका, कापूही नका. आत त्याला सुई असू शकते, आणि ओढलेला दोरा आतडं चिरतो.