करकर आणि कळ

पहाटे गजर बंद करण्यासाठी पलंगावरून उतरलो आणि उजवी टाच फरशीला टेकताच अशी कळ मस्तकात गेली की, रात्री कोणीतरी माझ्या तळपायात दाभण खुपसून विसरून गेले असावे, असे मला वाटले. भिंतीला धरून, चवड्यावर उड्या मारत मी न्हाणीघर गाठले. चहा उकळेपर्यंत मात्र दुखणे निम्मे ओसरले आणि घरातल्यांनी ते सोंग ठरवून टाकले. पुढचे तीन आठवडे रोज हेच घडले. उठताना दुखते आणि चार पावले टाकली की थांबते, अशा आजारावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

गल्लीत बातमी पसरायला मी दोनदा लंगडणे पुरेसे ठरले. शेजारच्या मावशींनी निदान केले, "हाड वाढलंय बघा. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच दाबून धरायची." तालमीतले वस्ताद म्हणाले, "काय बी झालं न्हाई तुमास्नी, त्याल लावून रगडा." दोघांचाही मान राखायचा म्हणून मी एकाच संध्याकाळी दोन्ही उपाय केले. विटेने टाच पोळली आणि तेलाने ती फरशीवरून सटकली. पाऊल आतल्या बाजूला वळले, घोटा मुरगळला आणि त्याची बाहेरची बाजू बघता बघता पुरीसारखी फुगली. दुखण्याला आता जोडीदार मिळाला होता.

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाचेपासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड पट्टी ताणलेली असते, ती रात्रभर आखडते आणि सकाळचे पहिले पाऊल तिला हिसका देते. वाढलेले हाड तर कितीतरी लोकांच्या टाचेत निमूटपणे बसलेले असते आणि त्यांना ते कधीच दुखत नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले गेले होते. त्यासाठी बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच ठेवणे एवढेच सांगून, "पहिले दोन दिवस शेकायचे नाही आणि चोळायचे तर मुळीच नाही," असे त्यांनी बजावले. म्हणजे मावशी आणि वस्ताद यांनी एकाही चुकीच्या उपायाला वगळले नव्हते.

मग डॉक्टरांनी दाराबाहेर काढलेली माझी कोल्हापुरी चप्पल मागवली. ती कानाची होती, तेल पाजून मुरवलेली होती आणि तिची करकर ऐकून कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरची गर्दी आपोआप बाजूला होते, असा माझा समज होता. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली. तळ सपाट, टणक, टाचेखाली गादी नाही. मी दुखावलो आणि या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, असे त्यांना ऐकवले. "ते चपलेला मिळाले आहे, तुमच्या टाचेला नाही," ते म्हणाले. (२०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने अगदी अशाच घाटाच्या चपला मिरवल्या, तेव्हा सारे कोल्हापूर श्रेय कोणाचे म्हणून खवळले होते, मला आता त्या मॉडेलांच्या टाचांची काळजी वाटते.)

त्यानंतर मऊ तळाचे रबरी सँडल आले, घरातसुद्धा घालायचे, कारण अनवाणी फिरायला बंदी. रंकाळा तलावावर फिरताना एका मित्राच्या अगदी पाठीमागे जाऊन उभा राहिलो, तरी त्याला पत्ता नाही. वळून तो दचकला, "भावा, तू हाईस व्हय? आवाजच न्हाई आला." कोल्हापुरी माणसाची यापेक्षा मोठी नामुष्की मला तरी ठाऊक नाही.

व्यायामांनी घराची शिस्त मोडली. सकाळी पलंगावरून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने मागे ओढून धरायची, मग भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची, संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवायची. सूज उतरल्यावर घोट्याला बळ यावे म्हणून एका पायावर उभे राहण्याचीही आज्ञा झाली, ते मी दात घासताना करतो आणि समोरच्या गच्चीवरून मावशी रोज आस्थेने विचारतात, "नवस हाय का कसला?" बाटलीचे प्रकरण त्याहून नाजूक निघाले. मेहुणे उन्हातून आले, फ्रीज उघडून तीच बाटली काढली, वितळलेले पाणी घटाघटा प्यायले आणि समाधानाने म्हणाले, "दाजी, पाणी झकास गार हाय तुमच्याकडं." मी त्यांच्या समाधानात विघ्न आणले नाही.

सकाळची कळ आता जवळजवळ गेली आहे. जुनी चप्पल कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. लग्नकार्याला घालायची परवानगी आहे, पण मुहूर्त लांब आहेत; म्हणून रविवारी दुपारी, घर झोपले की, मी ती हळूच बाहेर काढतो, तेलाचा हात फिरवतो आणि सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार पावले टाकतो. करकर, करकर. परवा आतून आवाज आला, "अहो, वीट तापवू का?"